नाचणाऱ्या पक्ष्याची शिकार

जुनी इंदूर ही खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठची मूळ वस्ती. १८१८ साली मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली आणि त्या वस्तीभोवती शहर वाढत गेले. त्या दिवसांत शिकार हा राजदरबाराचा विहार होता. राळामंडळच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगृह अजून उभे आहे. भोवतालचे रान मात्र १९८९ पासून अभयारण्य झाले आहे. दरबारी शिकार म्हटली की वाघाचे कातडे आणि सांबराची शिंगे डोळ्यांपुढे येतात. पाखरांच्या शिकारीचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. कारण तिची खूण भिंतीवर टांगली जात नाही, ती ताटात संपते. परंतु माळव्याच्या माळरानाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर वाघापेक्षा एका लहानशा पाखराकडेच पाहिले पाहिजे. हे पाखरू म्हणजे तणमोर. माळव्यात त्यास खरमोर म्हणतात.

तणमोराची गोष्ट नीट कळावी म्हणून आरंभी सातासमुद्रापलीकडील एका पक्ष्याची गोष्ट सांगितली पाहिजे. टर्की हा मूळचा अमेरिकेच्या अरण्यातील पक्षी. हिंदुस्थानास तो फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १६१२ साली गोव्याहून आणलेला टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारी पोहोचला, तेव्हा त्या अपूर्व पाखराचे वर्णन बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आणि दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र रंगविले.

अमेरिकेत या रानटर्कीची शिकार ऐन वसंतात चालते. वसंत हा त्याच्या प्रणयाचा काळ. नर पिसारा फुलवितो, गळ्यातून घुमणारा आवाज काढतो आणि माद्यांना बोलावितो. शिकारी नेमका याच आवाजाचा मागोवा घेतो. त्याची तयारी कित्येक दिवस आधीपासून सुरू होते. सांजवेळी रानात जाऊन पक्षी कोणत्या झाडावर वस्तीस चढतात हे तो ऐकून ठेवतो. मग पहाटेच्या अंधारात, खांद्यांहून रुंद बुंध्याच्या झाडास पाठ लावून तो निश्चल बसतो. टर्कीची नजर फार तीक्ष्ण. हाताचे बोट हलले तरी पक्षी पसार होतो. म्हणून अंगावर पालापाचोळ्याच्या रंगाचा पोशाख आणि तोंडावर जाळी असते. तांबडा, पांढरा व निळा हे रंग तर कटाक्षाने वर्ज्य. कारण नराच्या डोक्यावर तेच रंग असतात आणि दुसरा शिकारी फसून माणसावरच गोळी झाडावयाचा. शिकाऱ्याजवळ एक लाकडी पेटी असते. तिचे झाकण कडेवर घासले की मादीच्या हाकेसारखा आवाज निघतो. एक हाक द्यावी आणि बराच वेळ गप्प राहावे, ही त्यातील कला. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे. पुष्कळदा नर उत्तर देतो, जवळ येतो आणि झाडाआडूनच परत फिरतो. जाणते शिकारी सांगतात, रिकाम्या हातांनी परतलेली सकाळही वाया गेली असे वाटत नाही. अंधारातून उजाडताना रान कसे जागे होते, ते त्या दिवशी पाहावयास मिळालेले असते.

हाकेने पक्षी बोलाविण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. फासेपारध्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. चैत्रात पळस झडू लागला की माळावर तित्तिराची ठसकेबाज साद ऐकू येते. पारधी माणसाळविलेला तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर नेई; त्याच्या आव्हानाला रानचा तित्तिर चवताळून धावत येई आणि फाशात अडकत असे. अमेरिकेतील पेटीत आणि पारध्याच्या पिंजऱ्यात तत्त्व एकच आहे. पाखराची जी ओढ वंश वाढविण्यासाठी असते, तिचाच गळ करावयाचा.

येथेच प्रश्न उभा राहतो. प्रणयाच्या हंगामात पक्षी मारावा काय? अमेरिकेने याचे उत्तर ठेच लागल्यानंतर शोधले. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी रानटर्की कित्येक राज्यांतून नामशेष झाला होता. १९३७ साली तेथे कायदा झाला आणि बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवण्यात आले. पाळीव पक्षी वाढवून रानात सोडण्याचा प्रयोग फसला. मग रानातलेच पक्षी जाळ्यांनी जिवंत धरून ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या सत्तर लाखांच्या घरात गेली. वसंतातील शिकारीलाही मर्यादा घातली गेली. सामान्यतः नरच मारावा, ठरलेल्या संख्येपलीकडे मारू नये आणि बहुतेक माद्या अंड्यांच्या तयारीस लागेपर्यंत थांबावे, असा तिचा हेतू. अलीकडे काही दक्षिणी राज्यांत संख्या घटू लागताच तेथे हंगाम आणखी पुढे ढकलण्यात आला. तात्पर्य, ज्याने पक्षी मारावा त्यानेच त्याच्या रानाचा खर्चही सोसावा, असा तेथील व्यवहार आहे. तो सर्वांस पटेलच असे नाही. परंतु त्यात हिशेब आहे, हे मान्य करावे लागते.

आता माळव्याकडे वळू. टर्कीचा जो वसंत, तो तणमोराचा पावसाळा. आषाढसरी पडून माळावरचे गवत गुडघ्याइतके वाढले की कोंबडीएवढा हा पक्षी कोठून तरी येऊन दाखल होतो. एरवी मातकट दिसणारा नर या दिवसांत काळा होतो, पंखांवर पांढरा पट्टा उमटतो आणि डोक्यामागे फितीसारखी नाजूक पिसे डोलू लागतात. गवतात तो दिसणार कसा? म्हणून तो उडी मारतो. जागच्या जागी माणसाच्या उंचीएवढा उसळतो, पंखांचा टरटर आवाज करतो आणि पाय दुमडून पुन्हा गवतात उतरतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या होतात. मादीने पाहावे आणि दुसऱ्या नराने दूर राहावे, एवढाच त्या नाचाचा अर्थ.

दुर्दैवाने ती उडी शिकाऱ्यासही दिसत असे. टर्कीसाठी अंधारात उठून तास न्‌ तास श्वास रोखून बसावे लागते. तणमोराला तेवढेही कष्ट नकोत. तो स्वतःच आपला ठावठिकाणा पुनःपुन्हा सांगतो. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी ऐन विणीच्या दिवसांत हे नाचणारे नर टिपले. या पक्ष्याचे मांस रुचकर म्हणून नावाजलेले, तेव्हा मोह अधिकच. १९१२ च्या कायद्याने बंद हंगाम ठरविण्याची सोय झाली. पण कायदा दूर होता आणि माळ जवळ होता.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तणमोरास त्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर येथे खास तणमोरासाठी अभयारण्ये झाली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीचा अध्यायच संपला. बंदूक थांबली, मग पक्षी वाढावयास हवा होता. घडले ते उलटेच. १९९९ साली देशात साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या या पक्ष्याची संख्या पुढील दोन दशकांत सुमारे ऐंशी टक्क्यांनी घसरली आणि २०२१ साली जागतिक यादीत त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत झाली.

याचे कारण बंदुकीत सापडत नाही, ते गवतात आहे. संस्थानी काळात माळव्यात गवताची राखीव बिडे असत. घोड्यांसाठी आणि गुरांसाठी चारा हवा, म्हणून तेथे पावसाळाभर चराई बंद असे आणि कापणी पावसाळ्यानंतर होई. पक्ष्यासाठी म्हणून ती कोणी राखली नव्हती. पण पक्ष्याची अंडी आणि पिले तेवढ्या अवधीत पार पडत. संस्थाने गेली, घोडे गेले, बिडे नांगराखाली आली. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन आले आणि त्याने शेतकऱ्याच्या हाती प्रथमच रोख पैसा दिला. त्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही १९८७ साली इंदुरातच स्थापन झाले. सोयाबीन पेरावयाचे ते पावसाळ्याच्या आरंभी. तणमोर घरटे मांडतो तेही त्याच दिवसांत. पेरणी, फवारणी आणि अंडी एकाच वावरात आली.

यात शेतकऱ्यास दोष देणे हा अन्याय होईल. सरदारपूरच्या अभयारण्याच्या हद्दीत गावेच्या गावे आली, तेथील जमिनींच्या खरेदीविक्रीवर बंधने पडली आणि मुलीच्या लग्नासाठी बिघाभर रान विकू न शकणाऱ्या माणसाच्या मनात त्या पाखराविषयी माया उपजण्याऐवजी राग साठला. ज्या पक्ष्यामुळे घराचा व्यवहार अडतो, तो पक्षी कोणाला हवासा वाटेल? राजाला पक्ष्याची हौस होती, अमेरिकन शिकाऱ्याला त्याचा स्वार्थ आहे. माळव्यातील शेतकऱ्यापाशी मात्र कायद्याने केवळ मनाई ठेवली. मनाईने हात थांबतो, राखण होत नाही.

राखण कशी होते याचे उदाहरण विदर्भात आहे. अकोला-वाशीम भागात, ज्यांचे पूर्वज फासे लावून पाखरे धरीत त्याच फासेपारध्यांतील काही जण आता तणमोराच्या माळांची देखरेख करतात. कोणत्या गवतात पक्षी बसला आहे हे त्यांच्याइतके कोणास कळणार? शिकाऱ्याची विद्या तीच राहिली, हेतू तेवढा पालटला. मध्य प्रदेशातही शेतात तणमोर उतरल्याची खबर देणाऱ्या व त्याचे घरटे जपणाऱ्या शेतकऱ्यास वनखात्याने बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली. मार्ग हाच आहे. त्यात एका गोष्टीची भर पडली पाहिजे: जेथे बीड उरले आहे तेथे आश्विनाच्या उत्तरार्धापर्यंत कोयता लागू नये आणि त्या विलंबाची भरपाई गावाला रोख मिळावी.

शिकारीतला जो निर्मळ आनंद आहे, पहाटे उठण्याचा, कान देऊन ऐकण्याचा, हालचाल न करता वाट पाहण्याचा, तो कोणत्याही कायद्याने हिरावून घेतलेला नाही. श्रावणातल्या एखाद्या सकाळी इंदुराहून निघून सैलान्याच्या माळाशेजारी, घरट्यांपासून दूर, दुर्बीण घेऊन बसणाऱ्यास तो आजही मिळू शकतो. अट इतकीच की गवतातून उसळणारा एक तरी काळा नर शिल्लक असावा. तो असेल की नाही, याचा निर्णय आता बंदुकीच्या नव्हे, कोयत्याच्या आणि नांगराच्या हाती आहे. आणि कोयता धरणाऱ्या हाताचे पोट भरलेले असेल, तरच तो निर्णय पक्ष्याच्या बाजूने लागेल.