गाडी हायब्रिड, मग गिअरचं ऑइल कोणतं?

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या ग्रामसंघाच्या. आज आम्ही गाडीच्या ऑइलबद्दल बोलणार आहोत. इंजिनाच्या नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. गटाच्या नावावर गाडी असेल, तिचा हप्ता तुमच्या बचतीतून जात असेल, तर गॅरेजच्या बिलावर सही करणारी बाई तुमच्यातलीच असते. आणि गिअरबॉक्स गेला तर खर्च हजारात नाही, लाखाच्या घरात जातो.

२०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तेव्हापासून बचत गटांनी गाड्या चालवायच्या ही गोष्ट नवी राहिलेली नाही. आम्ही मात्र आमच्याच कर्जातून जुनी गाडी घेतली. एर्टिगा, २०१९ ची, पेट्रोलवरची, ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक का, तर आमच्यातल्या दोघीजणी गाडी शिकल्या त्या ऑटोमॅटिकवर, आणि घाटात क्लच-गिअर सांभाळायचा ताण नको होता. गाडीच्या मागे ‘स्मार्ट हायब्रिड’ असं लिहिलेलं आहे. सगळा घोळ त्या शब्दापासून सुरू झाला.

पावसाळ्याआधी गाडी थोडी अडखळायला लागली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना थरथर व्हायची. पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितलं, “ताई, हायब्रिड गाडी आहे, हिला हायब्रिडचं स्पेशल ऑइल लागतं, महाग पडेल.” दुसऱ्याने सांगितलं, “काही नाही वहिनी, लाल ऑइल सगळं सारखंच, माझ्याकडे डबा फोडलेलाच आहे, टाकून देतो.” आमच्या कोषाध्यक्ष मावशींनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, “पुस्तकात काय लिहिलंय?” पुस्तक दोघांकडेही नव्हतं. जुन्या गाडीबरोबर आम्हालाही मिळालं नव्हतं. मग गटातल्या एकीच्या मुलीने कंपनीच्या वेबसाइटवरून गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून ते मोबाइलवर उतरवलं. त्यात ऑइलचं नेमकं नाव होतं. ते ना पहिल्याचं निघालं, ना दुसऱ्याचं.

दोघंही का चुकले, हे समजून घेण्यासारखं आहे.

हायब्रिड हा शब्द एक, पण गाड्या दोन जातींच्या. एका जातीत, म्हणजे आमच्या एर्टिगासारख्या गाडीत, इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर असते. सिग्नलला बंद झालेलं इंजिन ती परत सुरू करते, चढाला थोडा हात देते, आणि ब्रेक लावताना बॅटरीत वीज भरते. एवढंच. तिच्यामुळे गिअरबॉक्स बदलत नाही. तो साध्या ऑटोमॅटिक गाडीत असतो तसाच. म्हणून ऑइल त्या गिअरबॉक्सचं, हायब्रिडचं नाही.

दुसरी जात म्हणजे खरी हायब्रिड. इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवरही काही अंतर पळणारी. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस आणली ती या जातीची. आपल्याकडे २०२२ पासून होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या आल्या. ग्रँड विटारा मात्र दोन्ही जातींत मिळते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. या जातीच्या गाडीत मोठ्या मोटरी गिअरच्याच खोक्यात किंवा त्याला लागून बसवलेल्या असतात. तांब्याच्या तारांचे वेटोळे आणि ऑइल यांचा तिथे रोजचा संबंध येतो. त्या तारांत घरच्या विजेपेक्षा जास्त दाबाची वीज खेळते. मग ऑइलने नुसतं वंगण करून भागत नाही. त्याने मोटर थंड ठेवायची, तांब्याला आणि तारेवरच्या लेपाला खायचं नाही, आणि वीज इकडची तिकडे जाऊ द्यायची नाही. तिसऱ्या पिढीच्या प्रियसला टोयोटा ‘एटीएफ डब्ल्यूएस’ नावाचं ऑइल सांगते. पण म्हणून प्रत्येक हायब्रिडला तेच, असं नाही. गाडीगणिक पुस्तक बघावं लागतं.

आता साध्या ऑटोमॅटिकमध्ये ऑइल काय करतं ते बघू. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरायला लागतात. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच दोन पंखे एका बंद डब्यात असतात, आणि वाऱ्याच्या जागी ऑइल असतं. म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे जाताना ऑइलमधून जाते. शिवाय गिअर बदलायला जो दाब लागतो तोही ऑइलचाच. आणि आत क्लचच्या चकत्या असतात, त्या ऑइलमध्ये भिजलेल्या असूनही एकमेकींना धरायला हव्यात. फार निसटल्या तर गिअर उशिरा पडतो, एकदम धरल्या तर झटका बसतो, धर-सोड केली तर थरथर. ही पकड किती असावी हे ऑइलमधल्या औषधांवर ठरतं, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या चकत्यांना जुळेल असं ते ठरवलेलं असतं.

म्हणून “लाल म्हणजे लालच” हे चालत नाही. तो लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. रंगावरून जात कळत नाही. लाल मिरची पावडर लाल दिसते, कुंकूही लाल दिसतं!

यात आणखी एक फाटा आहे, तो गॅरेजमध्ये हमखास चुकतो. काही ऑटोमॅटिक गाड्यांत सीव्हीटी असतो. त्यात गिअरचे दात नसतात, दोन पुली आणि मधे पोलादी पट्टा. आपल्यातल्या कितीतरी गटांच्या पिठाच्या गिरण्या आहेत. पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावतात हे तुम्हाला माहीत आहे. सीव्हीटीच्या ऑइलचं दुखणं तेच: वंगण तर हवं, पण पट्टा पुलीवरून घसरता कामा नये. त्यासाठी त्याचं ऑइल वेगळं, ‘सीव्हीटी फ्लुइड’ म्हणून मिळतं. तिथे साधं एटीएफ टाकलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्ती नसते, बदलीच असते. आणि एएमटी म्हणून मिळते ती तर हातगिअरचीच पेटी, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. तिला हातगिअरचं ऑइल लागतं. सगळ्यांना बोलताना आपण ‘ऑटोमॅटिक’च म्हणतो. म्हणून दुकानात जाऊन “ऑटोमॅटिकचं ऑइल द्या” म्हणणं म्हणजे औषधाच्या दुकानात “तापाची गोळी द्या” म्हणण्यासारखं झालं. काहीतरी देतील.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्कूटीच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल इंजिनापासून वेगळं असतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये ते सर्रास विसरलं जातं. स्कूटीच्या इंजिन ऑइलवर ‘जासो एमबी’ आणि मोटरसायकलच्या ऑइलवर ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलं असतं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजतो, स्कूटीचा कोरडा असतो, म्हणून हा फरक. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरलाही त्याचं ठरलेलंच ऑइल लागतं.

आता दुकानात काय बघायचं. डब्यावर ऑइलचं जे नाव किंवा नंबर पुस्तकात आहे, तेच हवं. कंपनीचं नको असेल, दुसऱ्या ब्रँडचं स्वस्त पडत असेल, तरी हरकत नाही. पण डब्यावर ‘या प्रमाणाला मान्यता’ लिहिलंय की नुसतं ‘यासाठी योग्य’, हे वाचा. पहिल्यात गाडी बनवणाऱ्याने तपासून होकार दिलेला असतो, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच सांगतोय. दहा गाड्यांची नावं छापलेलं ‘सर्वांना चालणारं’ ऑइल आम्ही जुन्या साध्या ऑटोमॅटिकला एक वेळ घेऊ, पण खऱ्या हायब्रिडला कधीच नाही. तिथे शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन आतल्या तांब्याशी खेळायचं हे आम्हाला पटत नाही. आणि डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. सील, बॅच नंबर बघा, मोबाइलवर फोटो काढा, पक्कं बिल घ्या. फोडलेल्या डब्यातलं ऑइल फुकट दिलं तरी नको.

“कंपनी म्हणते आयुष्यभर बदलायचं नाही,” हे वाक्यही ऐकायला मिळेल. पुस्तकात नेहमीच्या वापराचं कोष्टक असतं, आणि बऱ्याचदा कठीण वापराचं वेगळं असतं. माळशेज घाट, सातही सीट भरलेल्या, वर टोमॅटोचे क्रेट, एप्रिलचं ऊन. हा वापर नेहमीचा कसा म्हणायचा? ऑइल तापलं की लवकर म्हातारं होतं. आमचं ऑइल निघालं ते तपकिरी झालं होतं आणि करपल्यासारखा वास येत होता. घाटात गाडी चालवणाऱ्या गटांनी दर सर्व्हिसिंगला ऑइल बदलू नये, पण तपासायला मात्र सांगावं.

पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर लगेच तपासा. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं की लाल ऑइल गुलाबी, दुधट होतं, सरबतात दूध घातल्यासारखं. तशा ऑइलवर गाडी चालवायची नाही, आणि खऱ्या हायब्रिडमध्ये तर अजिबातच नाही, कारण पाणी मिसळलेलं ऑइल वीज अडवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. पंख्यांच्या डब्यातलं ऑइल बूच काढून पूर्ण उतरत नाही, बराच भाग आतच राहतो. म्हणजे चुकीचं ऑइल एकदा पडलं तर एका बदलीत निघत नाही, दोन-तीनदा भरून-काढून करावं लागतं. आणि भरताना मोजून. कमी झालं तर दाब पडतो, जास्त झालं तर आत घुसळून फेस येतो, आणि फेसाने दाब मिळत नाही. ऑइल किती, कोणत्या तापमानाला आणि इंजिन चालू ठेवून की बंद करून मोजायचं, हेही पुस्तकात असतं. गाडी सपाट जागेवरच हवी. आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये पोराने इंजिनाचं समजून गिअरबॉक्सचं बूच खोललं, आणि वरून इंजिनात ऑइल ओतलं. इंजिन भरलेलं, गिअर कोरडा. गाडी गेटापर्यंतच गेली. ती गाडी आमची नव्हती, पण तेव्हापासून आमच्यातली एकजण सर्व्हिसिंगच्या वेळी तिथे उभी राहते. कुणी “बायकांचं इथे काय काम” म्हणालं तरी उभी राहते.

खरी हायब्रिड गाडी मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजात खोलू देऊ नका. आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतात, त्यांना कुणीच हात लावायचा नाही, मेकॅनिकनेही नाही, त्याने त्याचं शिक्षण घेतलेलं नसेल तर. आणि अशी गाडी आवाज न करता चालू असू शकते. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर इंजिन केव्हाही आपोआप सुरू होतं. खाली माणूस शिरण्याआधी गाडी पूर्ण बंद केलीय ना, चावी लांब ठेवलीय ना, हे विचारा.

आमच्या गाडीत नेमकं ऑइल घातल्यावर पहिल्या आठवड्यात थरथर कमी झाली. पूर्ण गेली नाही. मेकॅनिक म्हणाला जुनं ऑइल आत मिसळलंय, आणखी एकदा बदलावं लागेल. तो खर्च आम्ही पुढच्या मासिक बैठकीत मांडणार आहोत. ऑइलचं नाव, लिटर, तारीख आणि किलोमीटर एका पुठ्ठ्यावर लिहून तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे, ड्रायव्हर कोणतीही असो, तिने तो दाखवायचा.

आणि काढलेलं काळं ऑइल घरी आणून गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे सवय आहे. ते करू नका. त्यात धातूची भुकटी असते, गुरं मेढी चाटतात, पावसाने ते विहिरीकडे जातं. गॅरेजात जुनं ऑइल गोळा करायचं पिंप असतं, ते परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. तिथेच ओतून या.