एकेरी अवतरणाचें महत्त्व

‘सी’ ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली. आजहि अनेक विद्यार्थी तिच्यापासूनच श्रीगणेशा करितात, आणि पुष्कळांना पहिली ठेंच एकाच ठिकाणीं लागते. दोन संख्या व मधलें चिन्ह घेऊन उत्तर देणारा लहानसा गणक लिहावयाचा असतो. चिन्हाप्रमाणें वाट निवडण्यास ‘स्विच’ योजावा व प्रत्येक चिन्हास एक ‘केस’ द्यावी, इतकें विद्यार्थ्यास ठाऊक असतें. परंतु लेखन कंपायलरपुढें ठेवतांच चुकांची लांबलचक यादी उभी राहते, आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

वस्तुतः येथें घाबरण्याजोगें कांहीं नाहीं. ‘केस’पुढें पूर्णांकी स्थिरमूल्यच असावें, असा या भाषेचा दंडक आहे. एकेरी अवतरणांत घातलेलें अक्षर तिच्या लेखीं एक संख्याच असते. आस्की संकेतांत बेरजेच्या चिन्हाची संख्या ४३ आहे. तेंच चिन्ह दुहेरी अवतरणांत घातलें कीं अक्षरमाला बनते, आणि कंपायलर ती नाकारतो. एखादें अक्षर अवतरणांवांचून लिहिलें, तर तो त्यास चलाचें नांव समजतो व असें नांव घोषित नाहीं अशी हरकत घेतो. ‘केस’च्या मूल्यापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें हवींत, अर्धविराम नव्हे. एका चुकीपोटीं अनेक तक्रारी जन्मतात. म्हणून सर्वांत वरची चूक आधीं सुधारून पुनः तपासणी करावी.

खरा धोका कंपायलर मुकाट राहतो तेथें असतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा क्रमानें ‘केस’ मांडल्या आणि त्यांच्या अखेरीस ‘ब्रेक’ लिहिण्याचें राहिलें, तर ६ आणि ३ यांची बेरीज प्रथम ९ निघते खरी. पण यंत्र तेथें न थांबतां खालीं घसरतें. ९ पुसून ३, ३ पुसून १८, आणि शेवटीं २ हेंच उत्तर हातीं येतें! तसेंच, आधीं संख्या वाचून मग ‘स्कॅनएफ’नें चिन्ह वाचूं गेल्यास मागें उरलेलें एंटर कळीचें अक्षरच चिन्ह म्हणून उचललें जातें. त्या सूचनेंत टक्का-सी या खुणेपूर्वीं एक मोकळी जागा सोडली कीं ही अडचण दूर होते.

तेव्हां चूक दाखवून अडविणाऱ्या कंपायलरवर विद्यार्थ्यानें रुसूं नये. रागे भरणारा पंतोजी परवडतो. चुकलेल्या गणितावर मुकाट्यानें सही करणारा परवडत नाहीं.