अ‍ॅपमधलं पान कुणाचं?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा मेन्टेनन्स रोख नाहीतर चेकने द्यायचो. आता नळाला पाणी कधी येणार इथपासून मेन्टेनन्सपर्यंत सगळं मोबाईलवर. सोय झाली, वादच नाही. पण माझी एक फजिती सांगतो.

गेल्या वर्षी मेसेज आला – बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज तोडू. खाली निळी लिंक. दाबली, तर त्याच अ‍ॅपमध्ये वीज कंपनीसारखं पान उघडलं. दहा रुपये भरा म्हणे. मी कार्डाचा नंबर टाकायला लागलो. एवढ्यात सौ. म्हणाल्या, "अहो, बिल परवाच भरलं ना?" हात तिथंच थांबला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी! लाजेपोटी चार महिने कुणाला बोललो नाही.

शेवटी नातवाला विचारलं. तो पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. म्हणाला, "आजोबा, बऱ्याच अ‍ॅपच्या पोटात एक छोटा ब्राउझर असतो." कंपनीने आपल्या सर्व्हरवरचं पान बदललं की सगळ्यांना नवं पान दिसतं, अ‍ॅप अपडेट करावं लागत नाही. अँड्रॉइड आणि आयफोनला एकच पान चालतं. बटणं, फॉर्म, व्हिडिओ सगळं त्यात असतं. त्यामुळे अ‍ॅप कुठं संपलं आणि बाहेरचं पान कुठं सुरू झालं, ते डोळ्याला कळत नाही. पत्त्याची ओळही पुष्कळदा पूर्ण दिसत नाही.

मला आमची शाखा आठवली. टेबल टाकून बसलेला विमा एजंट लोकांना बँकेचाच माणूस वाटायचा. छप्पर आमचं, माणूस दुसऱ्याचा! इथंही तसंच.

म्हणून तीन गोष्टी. मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरू नका. आपलं नेहमीचं अ‍ॅप स्वतः उघडा. यूपीआय 2016 साली आलं, तेव्हापासून नियम एकच – पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. आणि फसलातच तर लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात पळतात.

आणि विचारायला लाजू नका. मी लाजलो, ते चार महिने फुकट गेले. शंका आली तर माझी बेल वाजवा. चहा पिता पिता दोघं मिळून बघू.