आपला तो हक्क, दुसऱ्याची ती खैरात?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला सांगितले तेव्हा एकच अट घातली होती, की विषय कोणताही घ्या, पण रेल्वेचे तांत्रिक काही नको. मी डिप्लोमा झालेला इंजिनिअर. नोकरीची वीस-बावीस वर्षे रुळांच्या देखभालीत गेली. राज्यशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. तरी आज मी समता, नागरिकत्व आणि सरकारी मदत या विषयावर बोलणार आहे, कारण या विषयावर आपण सगळेच रोज बोलतो. फक्त व्यासपीठावरून नाही, तर चहाच्या टपरीवर.

आपली रांझी ही नोकरदारांची वस्ती. गन कॅरेज फॅक्टरी, व्हेईकल फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, नाहीतर रेल्वे. यांपैकी कुठलाच पगार किंवा पेन्शन ज्या घरात आले नाही, असे घर या मंडपात क्वचितच सापडेल. आणि अशा या वस्तीत संध्याकाळच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "आपल्या टॅक्सचे पैसे फुकट वाटून राहिले आहेत." कधी ते रेशनच्या धान्याबद्दल असते, कधी बायकांच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशांबद्दल, कधी गावाकडच्या मजुरीच्या कामांबद्दल.

आता जरा आपल्या घरात डोकावू या. मला रेल्वेचा पास मिळतो, आजारपणात रेल्वेचे रुग्णालय आहे, महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. फॅक्टरीवाल्यांकडे क्वार्टर आहे, दवाखाना आहे. याला आपण खैरात म्हणत नाही, सेवाशर्ती म्हणतो, आणि ते योग्यच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा रांझीच्या घराघरांत एकच प्रश्न होता, आमच्या सेवाशर्तींचे काय? सरकारच्या मेहरबानीचे काय, असे कुणीही विचारले नाही. मराठीत म्हण आहेच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. तसे आपले ते हक्क आणि दुसऱ्याची ती खैरात.

कुणी म्हणेल, आम्ही काम करतो म्हणून मिळते. बरोबर आहे. पण मग एक अनुभव ऐका. आमच्या गँगमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. आयुष्यभर खडी आणि रूळ हाताळून त्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले, यंत्राने ठसा घेतला नाही. समोरच्या माणसाने त्यांना खुर्ची दिली, कागदी फॉर्म दिला, सही घेतली, काम झाले. आमच्या वसाहतीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचेही ठसे झिजलेले, साबण-पाण्याने. धान्याच्या दुकानात यंत्राने ठसा घेतला नाही, तेव्हा त्यांना "उद्या या" असे सांगितले गेले. असे तीन फेरे झाले. दोघांचीही बोटे कष्टानेच झिजली. पण काकांना ठाऊक होते की हे माझे आहे आणि समोरच्यालाही ते ठाऊक होते. मावशींना वाटत होते की हे मिळाले तर उपकार आहेत. देशात २०१३ पासून अन्नसुरक्षेचा कायदा आहे, म्हणजे कागदावर मावशींचा हक्क काकांइतकाच पक्का आहे. फरक आहे तो वागणुकीत. माझ्या मते नागरिकत्वाचा खरा प्रश्न इथे आहे.

मदत हक्काने मागायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि गणेशोत्सवात तर तिची आठवण काढायलाच हवी. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करून दिवसाला १ पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. १ पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे सरकारने दुष्काळ संहिता केली. १८९६ च्या दुष्काळात, सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकव्यापी रूप देणाऱ्या लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना हेच सांगितले, की संहितेत जे लिहिले आहे ते तुमचे आहे, ते निर्भयपणे मागा, पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन हा कायदा समजावून सांगत होती. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेतली गेली. दान वाटणाऱ्यावर सरकार कधी रागावत नाही. हक्क समजावून सांगणाऱ्यावर मात्र रागावते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात आपण प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मोल देणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर उभारलेली लोकशाहीच धोक्यात येईल. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टी. एच. मार्शल हे समाजशास्त्रज्ञ केंब्रिजच्या व्याख्यानांत नागरिकत्वाचे तीन थर सांगत होते. पहिला कायद्यापुढे समान असण्याचा, दुसरा मतदानाचा आणि तिसरा माणसासारखे जगण्याचा, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि किमान सुरक्षिततेचा. तिथे हे थर एकावर एक चढायला दोन-अडीचशे वर्षे लागली. आपल्याकडे पहिले दोन एकदमच मिळाले. तिसरा बहुतांशी मार्गदर्शक तत्त्वांत राहिला. अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा, शिक्षणाचा आणि सरकारी साहाय्याचा हक्क आहे, पण राज्याच्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत, आणि त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही.

हा तिसरा थर कायद्यात आणण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. आपण राहतो मध्य प्रदेशात, पण कुंडम आणि सिहोऱ्याच्या मजुरांपर्यंत पुढे जो कायदा पोहोचला त्याचे मूळ तिथे आहे, म्हणून तो थोडा तपशिलात सांगतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्यांच्या कल्पनेतून प्रयोग सुरू झाला, की जो हाताला काम मागेल त्याला काम द्यायचे. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. इथल्या ज्येष्ठांपैकी ज्यांचे बालपण तिकडे गेले त्यांना मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडणारी माणसे आठवत असतील. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क आहे, असे त्यात सरळ लिहिले होते. दिवसांची मर्यादा नव्हती. बाई आणि पुरुष यांचे दर सारखे होते.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची तरतूद. या योजनेसाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडे थोडे द्यायचे आणि तितकीच भर सरकारने घालायची. म्हणजे मुंबईच्या कारकुनाने आटपाडीच्या मजुराशी केलेला तो एक करार होता. आपल्याकडेही वृत्तिकर आहे. माझ्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये कापले जातात आणि संविधानानुसार याहून जास्त कापताच येत नाहीत. महिन्याला दोनशे आठ रुपये! एका कुटुंबाच्या एका वेळच्या डोशाचे बिल यापेक्षा जास्त होते.

योजना निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. "रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही" हे वाक्य उगाच रूढ झाले नाही. खोट्या हजेऱ्या लागल्या, मापे उशिरा झाली, मजुरी रखडली. मातीकामाची मापे मीही घेतो, म्हणून सांगतो, मऊ माती आणि मुरूम यांना एकच दर लावला तर तो दर समान दिसतो, पण मुरमात खणणाऱ्याचे पोट मारले जाते. तरीही कायदा असल्यामुळे एक गोष्ट घडली. काम मिळाले नाही, मजुरी कमी मिळाली, की बाया तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ लागल्या. दुष्काळात अन्नासाठी हात पसरणारा माणूस आता कायद्याचे कलम सांगू लागला.

याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, २ फेब्रुवारी २००६ ला २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. यावर मते वेगळी असू शकतात. माझे म्हणणे एवढेच, की हमी हा शब्द कायद्यात असला तर काम मागणाऱ्याला वेळेवर ते मिळाले का, हे आपण विचारत राहिले पाहिजे.

आता अट मोडून रेल्वेचे एकच सांगतो, अध्यक्षमहोदयांनी क्षमा करावी. सरळ मार्गावर दोन्ही रूळ एका पातळीत ठेवतात. वळणावर मात्र आम्ही बाहेरचा रूळ मुद्दाम उंच करतो, कारण वेगातल्या गाडीचा भार बाहेर ढकलला जातो. ठरावीक वेगाला ती उंची बरोबर असली की दोन्ही रुळांवर सारखा भार येतो. तिथे पातळी सारखी ठेवणे म्हणजे समता नव्हे, भार सारखा ठेवणे म्हणजे समता. विशेष सवलतींचे तत्त्व हेच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात ५० टक्के राखीव जागा ठेवल्या, तेव्हा त्यांनी वळण ओळखले होते. पण दुसरी बाजूही सांगतो. गाड्यांचा वेग कमी झाला तर ती उंची पुन्हा तपासावी लागते, नाहीतर भार आतल्या रुळावर येतो. म्हणून सवलत कुणाला, किती आणि कुठपर्यंत, याची तपासणी करण्यात गैर काही नाही. ती मोजमापाने व्हावी, रागाने नव्हे.

शेवटी आपल्या शहरातली गोष्ट. १० जून २०२३ रोजी लाडली बहना योजनेचा पहिला हप्ता याच जबलपूरच्या कार्यक्रमातून जमा झाला. १,००० रुपयांचे पुढे १,२५० झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १,५०० झाले. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये तशीच योजना आली. बाईच्या स्वतःच्या खात्यात, मधल्या कुणाच्या हाताला न लागता पैसे येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्या घरात हे पैसे औषधाला किंवा शाळेच्या फीला लागतात त्या घराला ते फुकटचे वाटत नाहीत. पण ही योजना आहे, कायदा नाही. २०२३ मध्ये ठरावीक मुदतीत अर्ज घेतले गेले. जी रक्कम निर्णयाने वाढते, ती निर्णयाने कमीही होऊ शकते. घरात लाडके-दोडके असू शकते, राज्यात मात्र नागरिक लाडका नसतो आणि दोडकाही नसतो.

म्हणून कोणतीही योजना, मग ती कुठल्याही पक्षाची असो, मी तीन प्रश्नांनी पारखतो. गरज पडली त्या दिवशी ती मागता येते का, की यादी बंद झाली? नाकारली तर दाद मागता येते का? आणि ती घेताना कुणापुढे वाकावे लागते का? तिन्ही उत्तरे चांगली असतील तर तो हक्क, नाहीतर खैरात. ठरते ते रकमेवरून नाही. "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्नही रास्त आहे. त्याचे उत्तर पागे यांच्या पिढीने दिले होते, की ज्यांना जमते त्यांनी हक्काची किंमत उघडपणे द्यावी आणि खर्चाचा हिशेबही उघडपणे मागावा.

मंडळाला एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षी दहा दिवस या मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल लावू या. विधवा पेन्शन, रेशनकार्ड, आधारची दुरुस्ती, दवाखान्याचे कार्ड, ज्याला जे अडले असेल त्याचा अर्ज भरून द्यायचा आणि पोचपावती घ्यायला शिकवायचे. आपल्यात निवृत्त बाबूजी पुष्कळ आहेत. आयुष्यभर त्यांनी नियमांच्या फायली हाताळल्या आहेत. टिळकांच्या काळात माणसे हे काम करायला गावोगाव पायी जात होती. आपल्याला तर या मंडपाबाहेरही जायचे नाही. आमच्या मावशींचा अर्ज मी आणतो, पहिला तोच भरू.

 गणपती बाप्पा मोरया! जय हिंद.