वॉशिंग्टन यांचे निरोपपत्र : राष्ट्रीय एकात्मतेचा एक पाठ
(राष्ट्रीय एकात्मता सप्ताहानिमित्त शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेले भाषण)



राष्ट्रीय एकात्मतेवर बोलावयास उभे राहिलेल्या वक्त्याची एक अडचण असते. या विषयावरील सर्व वाक्ये श्रोत्यांना आधीच पाठ असतात. यास्तव आज मी आपणांस एका दूरदेशीच्या कागदाविषयी सांगणार आहे. तो कागद सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे. परंतु त्यातील चिंता आपल्या ओळखीची वाटेल.

१९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फिया येथील एका दैनिकात अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे देशबांधवांस उद्देशून लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. त्यास निरोपाचे भाषण म्हणण्याचा प्रघात आहे. पण ते त्यांनी कोणत्याही सभेत वाचले नाही. दोन्ही वेळा निर्वाचकांनी त्यांना एकमताने निवडले होते आणि तिसऱ्यांदा उभे राहण्यास राज्यघटनेची आडकाठी नव्हती. दोन कारकिर्दींची मर्यादा तेथे १९५१ साली आली. तरीही त्यांनी थांबावयाचे ठरविले. पत्राचा पहिला मसुदा १७९२ साली जेम्स मॅडिसन यांनी केला होता, नंतरचा अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी. मधल्या चार वर्षांत हे दोघे परस्परविरोधी पक्षांचे धुरीण बनले होते. पक्षाभिनिवेशाविरुद्ध इशारा देणाऱ्या पत्रास अशा दोघांचे हात लागावेत, हा योगायोग मला मोठा मननीय वाटतो. अखेरचा हात मात्र वॉशिंग्टन यांनी स्वतः फिरविला.

त्या वेळचे ते राष्ट्र म्हणजे नुकतीच एकत्र आलेली सोळा राज्ये. १७८७ ची राज्यघटना होण्यापूर्वी मध्यवर्ती सत्तेस कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. १७९४ साली पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी मद्यावरील कराविरुद्ध बंड केले, तेव्हा वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून सैन्यासह निघाले होते. डोंगरापलीकडील शेतकऱ्यांचे धान्य बाजारात जावयाचे तर मिसिसिपी नदीतून, आणि त्या नदीचे मुख स्पेनच्या ताब्यात! तेव्हा देश सोडून स्पेनशीच सलोखा करावा, अशी कुजबुज तिकडे चाले.

अशा लोकांना वॉशिंग्टन एकीचे महत्त्व कसे पटवितात, हे पाहण्यासारखे आहे. ते प्रथम भावनेला हात घालीत नाहीत. व्यवहाराचा हिशेब मांडतात. दक्षिणेच्या शेतमालावर उत्तरेचे कारखाने व जहाजे चालतात. पश्चिमेला लागणारा माल पूर्वेकडून येतो आणि पश्चिमेचे पीक पूर्वेच्या व्यापाराला बळ देते. फुटून निघालेली राज्ये एकमेकांच्या सीमेवर सैन्य पोसतील आणि परकी सत्ता त्यांच्या भांडणात हात घालतील, असे ते बजावतात. तथापि हिशेबावरच ते थांबत नाहीत. आपण सर्वांनी मिळून स्वातंत्र्य मिळविले आहे, म्हणून राष्ट्राचे नाव प्रांताच्या नावापेक्षा अधिक अभिमानाचे असावे, असेही ते सांगतात.

पत्रातील सर्वांत मर्मभेदक जागा पुढे आहे. एखाद्या प्रदेशात आपले वजन वाढवावयाचे असेल, तर दुसऱ्या प्रदेशातील लोकांची मते व हेतू विपरीत करून सांगावयाचे, ही पुढाऱ्यांची एक युक्ती असते, असे ते म्हणतात. दाखला ते पश्चिमेचाच देतात. पूर्वेकडील राज्यांना तुमच्या नदीची पर्वा नाही, असे तेथील लोकांना सांगितले जात होते. प्रत्यक्षात १७९५ च्या तहाने मध्यवर्ती सरकारनेच त्यांना मिसिसिपीची वाट मोकळी करून दिली. शिक्षक मित्रहो, ही युक्ती आजही जुनी झालेली नाही. शेजारच्या राज्याविषयी, दुसऱ्या भाषेच्या माणसांविषयी आपण जे छातीठोकपणे बोलतो, त्यातील किती आपण स्वतः पाहिलेले असते?

पक्षबुद्धी मनुष्यस्वभावातच आहे, हे ते नाकारीत नाहीत. चुलीतला विस्तव विझवावयाचा नसतो, पण त्यावरून नजरही काढावयाची नसते, तसा काहीसा त्यांचा विचार आहे. राज्यघटना बदलण्याचा अधिकार लोकांचा. मात्र रीतसर बदल होईपर्यंत ती सर्वांवर बंधनकारक, असेही त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे मला आपल्या गोव्याचे स्मरण होते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. विलीनीकरणाचे ‘फूल’ आणि संघप्रदेशाची ‘दोन पाने’ यांवरून आमच्या वाड्यावर घरे दुभंगली होती. माझे वडील फुलाचे, शेजारचे काका दोन पानांचे. दोघांत बोलणे बंद. सुमारे चौतीस हजार मतांनी विलीनीकरणाचा पक्ष हरला. वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. त्याच पावसाळ्यात मानशीपाशी खाजनाच्या बांधाला खांड पडली आणि दोघेही गुडघाभर चिखलात उभे राहून माती टाकीत होते. मत कोणीच बदलले नव्हते. पण खारे पाणी आत आले असते, तर ते दोघांच्याही शेतात आले असते.

आता या पत्राची उणीवही सांगितली पाहिजे. थोर पुरुषांची केवळ आरती ओवाळणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ज्या प्रश्नावर ते राष्ट्र पुढे फुटले, त्या गुलामगिरीविषयी या प्रदीर्घ पत्रात काहीही नाही. स्वतः वॉशिंग्टन यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. आपल्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद त्यांनी १७९९ च्या मृत्युपत्रात केली, जाहीर पत्रात नव्हे. एकीची हाक देताना ज्यांना त्या एकीत वाटाच नव्हता, ते वगळले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. अमेरिकेतही एके काळी आपणांस एक राष्ट्र म्हणवून घेण्यास लोक कचरत होते, याचा दाखला देऊन ते म्हणाले होते की, हजारो जातींत विभागलेले आपण अद्याप राष्ट्र झालेलो नाही. बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य वरवरच्या रंगासारखी राहतील.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. पुढील वर्षी, २२ फेब्रुवारीस, वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी, फिलाडेल्फियाच्या नागरिकांच्या विनंतीवरून हे पत्र काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे मोठ्याने वाचण्यात आले. सेनेटमध्ये तो परिपाठ पुढे दरवर्षीचा झाला. त्या पहिल्या वाचनाच्या वेळी मात्र, फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या बहुतेक सर्व प्रतिनिधींच्या जागा रिकाम्या होत्या.