आळंदी रोडवरचे दोन महापौर आणि एक नगराध्यक्ष

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग आपल्या विश्रांतवाडीतूनच.

परवा आमच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला, महापौर दिवसभर करतात तरी काय? एक मित्र म्हणाला, "फीत कापतात, हार घालून घेतात, संपलं." सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे कोणी शिकवलं नाही. मग घरी येऊन कायदा वाचायला बसलो.

आधी आपला रस्ता बघा. विश्रांतवाडी चौकातून आळंदीकडे गाडी काढली की कळसपर्यंत पुणे महापालिका. पुढे दिघी आलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. आणि शेवटी आळंदी, तिथे नगरपरिषद. म्हणजे बारा-पंधरा किलोमीटरच्या एका रस्त्यावर दोन महापौर आणि एक नगराध्यक्ष! तिघांचं काम मात्र सारखं नाही.

पुण्याचं घ्या. 1950 मध्ये महापालिका झाली, बाबूराव सणस पहिले महापौर. सारसबागेजवळचं सणस मैदान त्यांच्याच नावाचं. आपल्याला वाटतं की महापौर म्हणजे शहराचा बॉस. पण 1949 च्या कायद्यानुसार कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांकडे असतो, आणि त्यांना राज्य सरकार नेमतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा पासवर्ड आयुक्तांकडे. महापौर थेट कुणाला "उद्या इथे पाइप टाका" असा हुकूम देऊ शकत नाहीत.

मग महापौरांकडे काय असतं? खुर्ची. सर्वसाधारण सभेची. दर महिन्याला किमान एक सभा व्हायलाच लागते. तिथे नगरसेवक प्रश्न विचारतात आणि प्रशासनाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. कोणाला बोलू द्यायचं, कोणता विषय मतदानाला टाकायचा, गोंधळ झाला तर काय करायचं, हे महापौर ठरवतात. मतं समसमान पडली तर त्यांचं निर्णायक मत. बाकीचा दिवस लोकांच्या भेटी, निवेदनं, अधिकाऱ्यांसोबत बैठका, पाहुण्यांचं स्वागत यात जातो. पालखी आळंदीहून पुण्यात येते तेव्हा शहराच्या वतीने पुढे होऊन स्वागत करणं, हाही त्याच कामाचा भाग. अडीच वर्षांची मुदत, आणि निवड आपण नाही, नगरसेवक करतात.

आता तुम्ही म्हणाल, हुकूम देता येत नाही तर हवाय कशाला महापौर?

याचं उत्तर आपण जगून पाहिलंय. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली. मुरलीधर मोहोळ तेव्हा महापौर होते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद सुप्रीम कोर्टात अडकले आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या 2022, 2023, 2024, 2025 अशा चार वाऱ्या महापौरांविना गेल्या.

या काळात आयुक्तच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समितीच्या जागी मंजुरी देणारे तेच, सर्वसाधारण सभेच्या जागीही तेच. माझ्यासारखे कोड लिहिणारे हसतील बघा: आपणच पुल रिक्वेस्ट टाकायची, आपणच रिव्ह्यू करायचा, आपणच मर्ज करायचं! माणूस कितीही हुशार आणि प्रामाणिक असू दे, दुसऱ्या कोणी न बघितलेल्या कोडमध्ये चुका राहतातच. कचरा उचलला जात होता, रस्ते होत होते, बजेटही येत होतं. पण "हे का?" असं उभं राहून विचारणारं सभागृह नव्हतं. महापौरांची खुर्ची रिकामी म्हणजे ही विचारण्याची जागाच बंद.

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, आळंदीला चला. 2011 च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या 31 लाखांवर, आळंदीची तीस हजारांच्या आत. तिथला कायदा वेगळा, 1965 चा. नगराध्यक्षांना लोक थेट मत देऊन निवडतात. रोजचं प्रशासन मुख्याधिकारी चालवतात. पण सभा चालवणं, पैशांवर आणि कारभारावर लक्ष ठेवणं, अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवणं, हे नगराध्यक्षांचं काम. तातडीची वेळ आली तर एखादं काम करायला किंवा थांबवायलाही ते सांगू शकतात.

आणि छोट्या गावात लपायला जागा नसते. नळाला पाणी आलं नाही की फोन नगराध्यक्षांनाच. वारीला लाखो माणसं येणार, तर पाणी, शौचालयं, दिवे, सफाई यांची तयारी तीस हजारांच्या गावाने करायची. इंद्रायणीवर फेस आला की लोक त्यांनाच विचारतात. पण नदीतलं पाणी येतं वरच्या शहरांतून आणि गावांतून, तिथे त्यांची सत्ता नाही. मग पत्रं लिहायची, बैठका लावायच्या, पाठपुरावा करायचा. परत तेच! हुकूम कमी, विचारणं जास्त.

मला यातून कळलं ते एवढंच: महापौर असो वा नगराध्यक्ष, त्यांचं रोजचं काम म्हणजे आपला प्रश्न जिथे उत्तर द्यावंच लागतं अशा जागी नेऊन ठेवणं. म्हणून पुढच्या वेळी दिवा बंद दिसला की लगेच महापौरांना टॅग करू नका. मी केलंय, लाइक मिळतात, दिवा लागत नाही. आधी ॲपवर किंवा येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा. काम झालं नाही तर तो नंबर घेऊन नगरसेवकाकडे जा आणि म्हणा, "हा प्रश्न सभेत विचाराल का?" मग विचारला का, ते बघा. सभा लोकांना बघायला खुली असते.

टपरीवरच्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे फीत कापणं हे साइड काम!" अगदी बरोबर.

तुमच्या गावचे नगराध्यक्ष किंवा महापौर कोण, माहितीये का? नसेल तर आज शोधा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!