बहीणभाऊ आणि वजनाचा काटा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समारंभाच्या दिवशी डॉक्टराने पथ्याच्या गोष्टी काढू नयेत, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. पंगतीच्या आधीच आपण मला बोलावयास उभे केले आहे. तेव्हा जिलबीच्या आड मी येणार नाही, एवढे आश्वासन प्रथमच देऊन ठेवतो.

विषय घरोघरचा आहे. एकाच आईच्या हातचे जेवून वाढलेल्या भावंडांपैकी भाऊ काटकुळा राहतो आणि बहीण अंगाने भरते. मग मुलाविषयी ‘त्याच्या अंगी लागत नाही’ असे म्हणतात आणि मुलीविषयी ‘तिच्या तोंडाला लगाम नाही’ असे म्हणतात. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी, ज्यांनी वाढविले त्या आईबापांशी जुळेना. जन्मदात्यांशी मात्र जुळली. म्हणजे बांध्यात रक्ताचा वाटा मोठा आहे. पुढे २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकातील एक भेद उजेडात आला. युरोपीय लोकांत शंभरांपैकी सुमारे सोळा जणांना तो आई व बाप या दोघांकडूनही मिळालेला असतो, आणि ज्यांना तो मुळीच मिळालेला नाही त्यांच्यापेक्षा अशांचे वजन सरासरी तीन किलो अधिक भरते. हा भेद मुख्यतः भुकेवर काम करतो. पोट भरल्याची जाणीव अशा माणसास उशिरा होते. असे जनुकभेद आता शेकड्यांनी सापडले आहेत. बहुतेकांचा प्रभाव अगदी अल्प असतो, पण थेंबे थेंबे तळे साचते.

परंतु तोच जनुक बहिणीच्या आणि भावाच्या देहात सारखेच काम करील असे नाही. एमसी४आर हा जनुक मेंदूतील तृप्तीच्या केंद्राशी निगडित आहे. त्यात दोष आला तर वजन वाढते. मात्र २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात ही वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळली. चरबी कमरेभोवती साठावी की नितंबांवर, हे ठरविण्यात हात असलेली चौदा जनुकस्थाने २०१० साली नोंदली गेली. त्यांपैकी सातांचा प्रभाव स्त्रियांत अधिक होता. ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत काही दुर्मिळ दोष असे आढळले की, ते केवळ स्त्रियांतच स्थूलता आणतात. एक केवळ पुरुषांत. स्त्रीच्या देहातील संप्रेरके चरबीची मांडणीच निराळी करतात. ऋतुनिवृत्तीनंतर तीच चरबी पोटाकडे सरकू लागते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी न सांगताही ठाऊक आहे.

आता आपल्या लोकांविषयी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपली बालके जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते. त्यांनी आणि आपल्याच शहरातील सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी २००९ साली असेही दाखविले की, एफटीओचा मधुमेहाशी आपल्या लोकांत जो संबंध दिसतो, तो केवळ वजनाने पुरता उलगडत नाही. म्हणून ज्या मुलाच्या ‘अंगी लागत नाही’ त्याच्या पोटाचा घेरही पाहावा. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात. येथेही दोघांना एकच माप लावलेले नाही.

मग सारेच दैवाधीन आहे काय? मुळीच नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून २०११ साली असे आढळले की, हालचाल करणाऱ्यांत एफटीओमुळे येणारा स्थूलतेचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी उणावतो. जनुक बदलत नाही. त्याचा जोर चालण्याने कमी होतो. परंतु आपल्याकडे संध्याकाळी भाऊ मैदानावर जातो आणि बहीण स्वयंपाकघरात जाते. जिला चालण्याची गरज कदाचित अधिक, तिलाच आपण वेळ देत नाही आणि वर बोल मात्र लावतो.

यासाठी विश्वस्तांपुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या वधूवर सूचक विभागाच्या अर्जात मुलींसाठी वजनाचा रकाना आहे, मुलांसाठी नाही. तो काढून टाकावा. आणि वार्षिक आरोग्य तपासणीत काट्याच्या जोडीला मोजपट्टी ठेवून ती मुलगे व मुली दोघांच्याही कमरेला लावावी. या दोन्हींस मिळून खर्च एका मोजपट्टीचा आहे.

 पाने मांडली आहेत, असे मला खुणेने सांगण्यात येत आहे. तेव्हा आपली रजा घेतो.